घरच्या शाळेतून घरी

यंदाही परीक्षांचा मोसम आला तो मला आधी कानांनी कळला. फेब्रुवारी सरता सरता आमच्या इमारतीत एक संध्याकाळ अशी येते, की खाली चेंडूचा आवाज येत नाही. कुठल्याच घरातून मालिकांमधली भांडणं ऐकू येत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी पाचव्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येते, आणि त्यापाठोपाठ कुणीतरी दबक्या आवाजात 'गॅस बारीक कर गं' म्हणालेलंही. ज्यांच्या घरी दहावी-बारावी आहे त्यांच्या चेहऱ्यावर घरात आजारपण असल्यासारखी काळजी असते आणि बाकीचे त्यांच्याशी जपून बोलतात. यंदा लोक माझ्याशी जपून बोलतायत. आमची जुई दहावीला बसली आहे. बाहेरून बसली आहे, म्हणजे कुठल्याही शाळेच्या पटावर तिचं नाव नाही. ती घरीच शिकली आणि शिकवायला होतो मी.

आमची इमारत मरोळच्या गावठाणाला पाठ टेकून उभी आहे. पुढच्या बाजूला मेट्रो, रिक्षा, काचेची ऑफिसं. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, उतरत्या कौलांची दहा-बारा घरं, एक क्रूस, एक बुजत आलेली विहीर आणि दोन आंबे. मार्चमध्ये त्या आंब्यांचा मोहर गळून अंगणात पिवळट भुसा पडतो. ओट्यांवर चादरी पसरून मिरच्या वाळत घातलेल्या असतात, वर्षाच्या मसाल्यासाठी. ऊन चढलं की त्यांचा खाट, तो नाकात झोंबणारा वास, आमच्या पाचव्या मजल्यापर्यंत येतो आणि मला शिंक येते. त्या शिंकेबरोबर दर वर्षी मी त्या एका मार्चमध्ये जाऊन पडतो. तिथे जेवणाच्या टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक अंथरलेलं आहे, पिवळा पडदा वाऱ्याने आत-बाहेर करतोय, आणि एक आठ वर्षांची मुलगी पेन्सिल हातात धरून गप्प बसली आहे.

शाळेने जुईचं काही वाईट केलं नव्हतं. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचो आणि ते कुणालाच पटायचं नाही. लोकांना एखादी मारकुटी बाई हवी असायची, एखादं वाईट वागलेलं मूल. तसं काहीच नव्हतं. दुसरीत असताना, दिवाळीनंतर, एका सकाळी स्कूलबसच्या पायरीशी ती उभी राहिली आणि तिचा पाय उचललाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रडली नाही, हट्ट केला नाही, नुसती पायरीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पोट तपासलं, डोळे तपासले, सगळं नॉर्मल. मग एका रविवारी स्मिताने, माझ्या बायकोने, चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "घरी शिकवलं तर?" ती बँकेत, सकाळी आठला बाहेर. माझं काम परदेशी कंपन्यांच्या हिशेबांचं, दुपारी तीनला सुरू होणारं. सकाळ मोकळी होती ती माझी. मग 'सर' मी झालो.

आमचं असं ठरलं, की मे महिन्यापर्यंत बघायचं. जमलं नाही तर जूनमध्ये पुन्हा शाळा, कुठली तरी दुसरी.

आणि मग सुरू झाले प्रश्न. लिफ्ट पाचव्या मजल्यावरून तळाला पोचेपर्यंत माणूस किती विचारू शकतो याचा मला तोवर अंदाज नव्हता. मैत्रिणी कुठून आणणार? बोर्डाचं काय? शिस्त कशी लागणार? तुम्ही बी.एड. आहात का? गणित तुम्ही घ्याल हो, पण हिंदी? उद्या तिला माणसांत वावरता नाही आलं तर? इमारतीच्या वॉचमनला वाटायचं की फी थकली असणार, म्हणून तो माझ्याशी अचानक आपुलकीने वागायला लागला. स्मिताची मैत्रीण हळदीकुंकवाला तिला बाजूला घेऊन म्हणाली की हल्ली समुपदेशक चांगले असतात. कुडाळहून माझ्या आईचा फोन आला. "चेडवाक शाळेतसून काढलस? आता मी लोकांका काय सांगू?" मी म्हटलं, सांग की शाळा घरी आलीय. 

मी सगळ्यांना उत्तरं द्यायचो. तोंडपाठच झाली होती. चित्रकलेच्या क्लासला मैत्रिणी होतील, बोर्डाला बाहेरून बसता येतं, शिस्त आतून यावी लागते, वगैरे. शेवटचं वाक्य तर मी इतक्या आत्मविश्वासाने म्हणायचो की समोरचा मान डोलवायचा. घरी येऊन दार लावलं की त्यातलं एकही मला पटायचं नाही. कारण त्यांचा एकूण एक प्रश्न त्यांच्या आधी माझ्या डोक्यात येऊन बसलेला असायचा.

सुरुवातीचे दिवस मात्र आता आठवले की दुपारच्या झोपेत पडलेल्या स्वप्नासारखे वाटतात. डिसेंबरची कोवळी उन्हं टेबलाच्या अर्ध्यापर्यंत यायची. जुई पाय खुर्चीवर घेऊन बसायची आणि विचारत सुटायची. मुंग्या झोपतात का? झोपतात तर रांगेतच झोपतात का? विमानाला उतरताना भीती वाटते का? विमानं हा आमच्या शाळेचा अविभाज्य भाग होता. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने एक विमान छतावरून घरंगळत जाई आणि तोवर काही बोलता येत नसे. मी वाक्याच्या मध्यावर थांबायचो, ती पेन्सिल वर धरून थांबायची, दोघं एकमेकांकडे बघत, आणि विमान गेलं की मी उरलेलं वाक्य पुरं करायचो. तो मधला वेळ मला सगळ्यात जास्त आवडायचा. त्यात कुणी कुणाला काही शिकवत नव्हतं.

मग जानेवारी गेला, फेब्रुवारी आला आणि माझी वाट लागली. चौथ्या मजल्यावरच्या मुलाची परीक्षेची उजळणी त्याच्या आईच्या आवाजात जिन्यातून वर यायची. दुसरीचा मुलगा, आणि त्याला तेराचा पाढा येत होता. मी त्यांच्याकडून पोर्शन मागून आणला आणि बघतो तर आमचं निम्मंही झालेलं नव्हतं. मुंग्या मात्र पुऱ्या झाल्या होत्या. त्या दिवसापासून मी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलावर बसायला लागलो. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं पांढऱ्या तबकडीचं, चामडी पट्ट्याचं घड्याळ कपाटातून काढलं आणि मनगटावर बांधलं. तास पाडले. मराठी, गणित, छोटी सुटी, इंग्रजी. पेपर मीच काढायचो, पर्यवेक्षक मीच, तपासायचोही मीच. जुईला मी सांगितलं की आता शाळेच्या वेळात मला सर म्हणायचं. तिने ते लगेच ऐकलं. ती मला एरवी अरे-तुरे करते, पण घड्याळ हातावर असलं की 'तुम्ही' म्हणायला लागली.

त्याच सुमारास तिचं बोलणं कमी झालं. एकदम बंद झालं असतं तर लगेच कळलं असतं, पण ते टाकीतलं पाणी उतरतं तसं, न दिसता, उतरत गेलं. सांगितलेलं सगळं ती करायची. नीट, रेघेवर, न कुरकुरता. मुंग्यांबद्दल काही नाही, विमानांबद्दल काही नाही. संध्याकाळी स्मिता आली की तिच्याशीही जेवढ्यास तेवढं. मला बसची पायरी आठवायला लागली. ती तिथे अशीच बघत उभी राहिली होती. जी गोष्ट टाळायला तिला घरी आणलं ती घरातच आली होती, आणि जूनमध्ये मी तिला परत पाठवणार तरी कुठे? मी फार घाबरलो होतो. स्मिताला म्हटलं, पोर्शन मागे आहे म्हणून टेन्शन आहे. ती म्हणाली, होईल रे.

मग एक दिवस इमारतीतल्या मुलांची परीक्षा संपली. भर दुपार. शिरीषाची पानं रस्त्यावर सांडलेली, उसाच्या रसाच्या गाडीचे घुंगरू वाजतायत, आणि स्कूलबसमधून मुलं धबाधबा खाली उतरतायत. कुणाचा शर्ट बाहेर, कुणाची बाटली लोंबतेय. आया दप्तरं काढून घेत होत्या आणि मुलं सगळी एकाच वेळी काहीतरी सांगत होती. जुई गॅलरीच्या गजांना तोंड लावून बघत होती. बस निघून गेली, खालचा गलका एकेका घरात शिरून विरला, तरी ती तिथेच. मग वळून मला म्हणाली, "पप्पा, मी घरी कधी येणार?"

मला वाटलं हिला ताप आहे. मी तिच्या कपाळाला हात लावून बघितला. म्हटलं, अगं, तू घरीच आहेस.

"तसं नाही रे," ती म्हणाली. "घरी येणार कधी?"

त्या दुपारी कामावर बसलो तरी माझं लक्ष नव्हतं. शाळेत जायला ती घाबरत होती, त्याची आम्ही सोय केली होती. पण शाळेतून घरी येणं, दप्तर भिरकावणं, आज काय झालं माहितीये असं म्हणत स्वयंपाकघरात शिरणं, याची आम्ही काहीच सोय ठेवली नव्हती. आमच्या शाळेला घड्याळ होतं, तास होते, पेपर होते. तिला घर नव्हतं. इतक्या प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती, त्यात हा प्रश्न नव्हता. लिफ्टमध्येही कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शाळा सोडायला लागलो. बाराच्या सुमारास मी टेबलावर टिचकी मारायची. जुईने पाठीला दप्तर अडकवायचं, गळ्यात बाटली घालायची, सरांना अच्छा म्हणायचं आणि खाली जायचं. मागच्या फाटकातून गावठाणात, क्रूसावरून, आंब्याखालून, विहिरीला वळसा घालून, आणि पुढच्या फाटकाने घरी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला जवळजवळ सगळा रस्ता दिसायचा. फक्त विहिरीपलीकडचा तुकडा दिसायचा नाही, पण तिथे फिलोमिना आजी असायची. मिरच्यांच्या चादरीशेजारी स्टूल टाकून, हातात काठी घेऊन ती कावळे हाकलत बसलेली असे. पहिल्या दिवशी मी धावत जाऊन तिला सगळं समजावून सांगितलं. समजावणं फार लांबलं, कारण माझं मलाच ते हास्यास्पद वाटत होतं. तिने मला काहीच विचारलं नाही. थोड्या वेळाने दप्तर घेतलेली जुई समोरून आली, तेव्हा काठी मांडीवर ठेवून ती एवढंच म्हणाली, "शाला सुटली काय गो?" जुईने मान हलवली. मग रोज तेच. आजवर कानावर आलेल्या सगळ्या प्रश्नांत हा एकच असा होता, की ज्याचं उत्तर 'हो' असं साधं होतं.

पहिल्या दिवशी मी तिच्या आधी धावत घरी पोचलो, बेल वाजली आणि मी आनंदाने दार उघडलं. जुईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरच थांबली. "सर इथे काय करतायत?" तिने विचारलं. घड्याळ काढायचं राहिलं होतं. मी मुकाट्याने दार लावलं, आत जाऊन घड्याळ टेबलावर ठेवलं, इस्त्रीचा शर्ट काढून घरचा टीशर्ट चढवला आणि पुन्हा दार उघडलं. तेव्हा ती आत आली. दुसरी चूकही मी लगेच केली. आज काय शिकलीस, असं विचारलं. तिने दप्तर सोफ्यावर टाकलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की तो प्रश्न मी आयुष्यात परत विचारला नाही. दार उघडल्यावर फक्त एकच विचारायचं, भूक लागली का? हा नियम तिथपासूनचा. बाकी जे काही सांगायचं असेल ते सांगणाऱ्याने सांगावं.

ती लगेच काही सांगायला लागली असं नाही. ओट्यावर चढून बसायची, पाय हलवायची, मग जेवायची. मी आमटीला फोडणी द्यायचो. खिडकीतून मिरच्यांचा खाट यायचा, दोघं शिंकायचो. असे काही दिवस गेले. शाळा सुटत होती, ती घरी येत होती, हातपाय धूत होती, पण मुंग्या-विमानांचं अजून काही विचारत नव्हती. पाडवा जवळ आला होता. स्मिताने हलक्या आवाजात एकदोन शाळांची नावं काढली होती.

आणि मग ती दुपार. कैरीची आमटी होती, एवढं नक्की आठवतं. आंब्याखाली पडलेल्या बारक्या कैऱ्या ती येताना उचलून आणायची. ओट्यावर बसून पाय हलवत ती म्हणाली, "आज सर घाबरले होते."

मी पळी फिरवत राहिलो. कशाला, असं विचारलं.

"मी विचारलं म्हणून. वजाबाकीत शेजारच्या घरातून एक उसना घेतो ना, तर तो परत कधी द्यायचा?"

मग काय म्हणाले सर?

"काहीच नाही. घड्याळाकडे बघितलं. घाबरले की ते घड्याळाकडे बघतात." तिने थोडा विचार केला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुसऱ्या कुणाचं तरी घरी येऊन सांगावं, इतकं सहज ती सांगत होती. "त्यांना वाटतं मला काही येणार नाही. म्हणून मी आता विचारत नाही ना. मी विचारलं नाही की ते बरे असतात."

बरोबर तेव्हाच एक विमान आलं. आम्ही दोघं सवयीने थांबलो. तेवढा वेळ मिळाला नसता तर माझं काय झालं असतं सांगता येत नाही. आठ वर्षांची मुलगी एका मोठ्या माणसाला सांभाळत होती. त्याला त्रास होऊ नये म्हणून मुंग्या, विमानं, उसने आकडे, सगळं तिने एकटीने गिळलं होतं. मी तिच्या गप्प होण्याला घाबरत होतो आणि ती माझ्या घाबरण्याने गप्प होत होती. विमान गेलं. मला रडू येत होतं, पण पप्पाला रडायचं काही कारण नव्हतं, बोलणं सरांबद्दल चाललेलं होतं. मी विचारलं, सरांना काही सांगू का मी?

"नको, त्यांना वाईट वाटेल," ती म्हणाली. मग ओट्यावरून खाली उडी मारून, पाणी पिऊन, जाता जाता म्हणाली, "एवढंच सांग, की मला घाई नाहीये."

दुसऱ्या दिवशी सरांनी घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवलं आणि सांगितलं की उसना परत कधी द्यायचा ते त्यांना माहीत नाही. जुईने मान वर करून बघितलं. किती दिवसांनी तिने माझ्या डोळ्यांत बघितलं होतं. मग आम्ही काडेपेट्यांतल्या काड्या टेबलावर ओतल्या, दहा-दहाचे गठ्ठे केले, रबर लावले आणि सकाळभर वजाबाक्या करत राहिलो. मराठी राहिलं, इंग्रजी राहिलं, छोटी सुटीही राहिली. एकदा रबर काढताना तिचा हात थांबला. ती म्हणाली, "सर, उसना नाहीच आहे. आपलाच गठ्ठा सोडला आपण. परत कुणाला द्यायचा?" मी आयुष्यभर तो आकडा उसना घेत आलो होतो, हिशेबांवर पोट भरतो, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की टिचकी मारायचं विसरलो. शाळा त्या दिवशी उशिरा सुटली. फिलोमिना आजी वाट बघून आत गेली होती.

त्या जूनमध्ये जुई शाळेत गेली नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. पुढे सगळं गोड झालं असं मात्र नाही. स्नेहसंमेलन नाही, वर्गाचा फोटो नाही, बाकाखालून चिठ्ठ्या नाहीत. काही वर्षं तिला खरोखर एकटं वाटायचं आणि तेव्हा मी काही करू शकलो नाही. चित्रकलेच्या क्लासमधल्या दोन मुली टिकल्या, त्या अजून येतात आणि आमचा फ्रीज रिकामा करतात. लिफ्टमधल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला आजही येत नाहीत. हल्ली मुलाला घरी शिकवू बघणारे नवे आई-बाप मला फोन करतात, कुणी कुर्ल्याहून, कुणी मालाडहून. तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मी जे माहीत आहे ते सांगतो, नाही ते नाही म्हणतो. फोन ठेवताना एकच विचारतो, की तुमचं मूल घरी कुठल्या वाटेने येणार? बहुतेकांना वाटतं, याचा आवाज नीट येत नाहीये.

जुई मोठी झाली तसा तो फेरा सुटला. दप्तर लहान पडलं, मग तिला लाज वाटायला लागली, मग सर आणि पप्पा एकमेकांत मिसळून गेले. घड्याळ परत कपाटात गेलं. गणित तर ती माझ्या फार पुढे निघून गेली. पण भीती काही माझ्या मनगटावरून उतरली नाही. रात्री-अपरात्री नव्हे, भर सकाळी, चहा पिताना, ती येऊन बसायची. बोर्डाचा पेपर तिसरंच कुणीतरी तपासणार आहे आणि तिथे विमान गेलं म्हणून कुणी थांबणार नाही, हे मला इतकी वर्षं माहीत होतं.

यंदा पहिल्या पेपरच्या सकाळी ती तयार होऊन कपाटापाशी गेली आणि ते घड्याळ काढून आणलं. हॉलमध्ये मोबाइल चालत नाही, म्हणाली, वेळ कळायला हवी. तिने त्यात नवा सेल कधी घालून आणला होता, मला माहीत नव्हतं. पट्ट्याच्या शेवटच्या भोकातही ते तिच्या हाताला सैल होतं. जोगेश्वरीच्या एका शाळेत तिचा नंबर आला होता. दुसरीनंतर ती पहिल्यांदाच शाळेच्या पायऱ्या चढत होती. मी फाटकाबाहेर उभा होतो, आणि खरं सांगतो, तिच्या तोंडाकडे माझं लक्षच नव्हतं. मी तिच्या पायांकडे बघत होतो. पाय उचलला. मग दुसरा. ती गर्दीत दिसेनाशी झाली तरी मी त्या पायरीकडेच बघत राहिलो. शेजारच्या एका आईने मला पाणी विचारलं.

परवा शेवटचा पेपर झाला, भूगोलाचा. फाटकाशी आई-बापांची झुंबड आणि एकच प्रश्न, कसा गेला, कसा गेला. जुई बाहेर आली. घामेजलेली, बोटाला शाई. मी विचारलं, भूक लागली का? ती हसली.  गावठाणाच्या तोंडाशी तिने रिक्षा थांबवली आणि म्हणाली, "तू पुढे हो. मी फिरून येते."

मी घाईघाईने वर आलो. शर्ट बदलला. इतक्या वर्षांत मी कधी हातपाय धुऊन दाराआड असा उभा राहिलो नव्हतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर क्रूसावरून ती सावकाश चालली होती, खांद्याला परीक्षेची पारदर्शक पिशवी, ऊन डोक्यावर. आंब्याखाली वाकून तिने काहीतरी उचललं. मग विहिरीपलीकडचा तुकडा आला आणि ती दिसेनाशी झाली. फिलोमिना आजीला आता नीट दिसत नाही. तिचा आवाज मात्र वरपर्यंत आला, तोच प्रश्न, आणि जुईचं उत्तरही.

बेल वाजली. मी दार उघडलं. तिच्या हातात तीन-चार बारक्या कैऱ्या होत्या, त्या तिने माझ्या हातात दिल्या. स्वयंपाकघरात येऊन ती ओट्यावर बसली, आता त्यासाठी तिला चढावं लागत नाही. वरून विमान यायला लागलं. आम्ही थांबलो. ती मनगटावरचं घड्याळ बोटाने फिरवत होती, आणि विमान गेल्यावर तिने ते काढलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे माझ्याकडेच राहू दे. आणि सरांना सांग, शाळा सुटली. घरी जा म्हणावं."

मी म्हटलं, सांगतो. मग आमटी गरम करायला ठेवली.